हेवी मेटल संगीत ऐकण्यासाठी हेडफोन अपग्रेड करायचा आहे. ओपन-बॅक घ्यावा की क्लोज्ड-बॅक? सोबत ॲम्प (ॲम्प्लिफायर) लागतोच का? मित्र म्हणतात, एवढ्या गोंगाटाला भारी हेडफोन कशाला?

ओपन (कपची मागची बाजू उघडी, जाळीची) की क्लोज्ड (ती बाजू बंद) ते सांगते, पण आधी तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंय त्याबद्दल. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्तर तोंडपाठ झालंय: गोंगाट आहे म्हणूनच.

एक आवाज आणि साथीला पियानो असेल, तर हेडफोनचा दोष एखाद्या स्वरापुरता जाणवतो आणि निघून जातो. 'स'चा उच्चार जरा टोचतो, एवढंच. मेटलमध्ये दोषाला विश्रांती नसते. डावीकडे एक डिस्टॉर्टेड गिटार, उजवीकडे दुसरी, खाली बास गिटार (तीही पुष्कळदा डिस्टॉर्टेडच), वर सिंबल (ड्रमच्या पितळी थाळ्या) सतत सळसळत असतात. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम, सिक्स्टीन्थ नोट्समध्ये (मात्रेला चार ठोके) चालला असेल तर सेकंदाला तेराच्या वर ठोके पडतात, दोन ठोक्यांत अंतर ७५ मिलिसेकंद. त्या अंतरात आधीचा ठोका विरला नाही की सगळ्याची घरघर होते. मग लोक म्हणतात, ड्रमरला वाजवता येत नाही.

माझे दाजी हेच म्हणाले होते. बहिणीच्या नवऱ्याशी किती वाद घालायचा याला मर्यादा असते, म्हणून हा वाद अजून संपलेला नाही.

दाजींना ध्वनीचा षोक आहे. वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र), वेगळा ॲम्प, दंडाएवढ्या जाड केबल, आणि एक ओपन-बॅक हेडफोन ज्याची ख्याती अशी की रेकॉर्डिंगमधलं सगळं तपशिलानं ऐकू येतं. नाव सांगत नाही. त्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला, मी दिलेलं ब्लॅक मेटलचं गाणं लावलं आणि म्हणाले, "आता कळेल तुला, तुझ्या लोकांना किती येतं ते." सिंबल थेट कपाळात वाजत होते. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी मुख्य धून) होता, पण त्यावर कोणीतरी वाळू ओतत असल्यासारखा. मी हेडफोन काढला तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ, चांगलं यंत्र वाईट रेकॉर्डिंगला माफ करत नाही."

हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. दहापैकी नऊ वेळा ते थाप असतं.

मी त्यांच्याच संगणकावरून टोन जनरेटर (एकच शुद्ध स्वर वाजवणारा प्रोग्राम) सुरू केला आणि पाच किलोहर्ट्झपासून सावकाश वर सरकत गेले. आवाजाची पातळी तीच, तरी आठच्या अलीकडे टोन एकदम सुई टोचल्यासारखा पुढे आला आणि नऊच्या पुढे पुन्हा मागे गेला. म्हणजे तपशील वगैरे काही नाही, तिथे हेडफोनचाच उंचवटा आहे. इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे विंडोजसाठी, आवाजातली हवी ती पट्टी कमी-जास्त करणारं. त्यात त्या जागी अरुंद फिल्टर लावून सहा डेसिबल कापले. मग दाजींना स्क्रीनकडे पाठ करून बसवलं आणि गाणं माझं नाही, त्यांचंच लावलं: त्यांच्या आवडत्या गायिकेचं, जे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. फिल्टर चालू, बंद, चालू, मध्ये मुद्दाम दोनदा सलग बंद. आवाजाची एकूण पातळी दोन्हीकडे सारखी राहील हे आधी बघून घेतलं होतं, कारण जरासं मोठं वाजलं की माणसाला तेच चांगलं वाटतं. दरवेळी त्यांनी फिल्टर असलेलंच निवडलं. "हिचा श्वास बघ किती मोकळा ऐकू येतो," असंही म्हणाले.

मग मी सांगितलं की हे इक्वलायझर लावलेलं आहे.

"हो, पण मग ते ओरिजिनल नाही ना."

अहो दाजी, ओरिजिनल कुठलं? ज्यानं ते मिक्स केलं तो स्टुडिओत स्पीकरसमोर बसला होता. तुमच्या हेडफोनमधला आठ किलोहर्ट्झचा डोंगर त्यानं ऐकलेलाच नाही. तो डोंगर कापला तर आपण त्याच्या जवळ जातो, लांब नाही. हे मी तेव्हा एवढं नीट बोलू शकले नाही, कारण बहीण जेवायला बोलवत होती. म्हणून इथे लिहितेय.

तर, हेडफोन निवडताना. पहिलं, 'एक्स्ट्रा बास', 'डीप बास' असं खोक्यावर छापलेलं असेल तर घेऊ नका. अशा हेडफोनांत पुष्कळदा १०० ते २५० हर्ट्झचा भागही वाढवलेला असतो, आणि पाम-म्यूट केलेल्या (तळहातानं तारा दाबून वाजवलेल्या) गिटारचा धक्का नेमका तिथेच बसतो. वाढवला की रिफ फुगतो, किक ड्रम त्यात बुडतो, बास गिटार तर सापडतच नाही. गिटारचं वजन म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं खालच्या बास गिटारचं असतं. ती वेगळी ऐकू आली की त्याच गाण्यात गिटार जास्त जड वाटते. दुसरं, सहा ते नऊ किलोहर्ट्झमध्ये टोकं नकोत. तिसरं, मिड्स (मधल्या पट्टीतले आवाज) मागे ढकललेले नकोत. गिटार आणि गळा, दोन्ही तिथेच राहतात.

साउंडस्टेज, म्हणजे आवाज भोवती लांबवर पसरल्याचा भास, या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजू नका. रिफ लांबून ऐकून काय मिळवायचंय?

ओपन की क्लोज्ड: घरी एकटे ऐकत असाल तर ओपन. कपच्या आत आवाज आपटून परत येत नाही, त्यामुळे दाट मिक्समधले थर सुटे होतात. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ओपन हेडफोन बाहेरही वाजतो, शेजारी झोपलेल्या माणसाला ब्लास्ट बीट (ड्रमचे अतिवेगवान ठोके) टिकटिकत ऐकू येतात. आणि नेहमीचे डायनॅमिक ड्रायव्हरवाले (छोट्या स्पीकरसारखा पडदा असलेले) ओपन हेडफोन अगदी खाली उतरताना दम टाकतात. साध्या ट्यूनिंगच्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला असते, तिथपर्यंत अडचण नाही. पण आठ तारांच्या गिटारची खालची तार ४६ ला येते आणि पाच तारांच्या बासची ३१ ला. तुम्ही डूम, स्लज, जेंट या मेटलच्या खालच्या सुरातल्या प्रकारांतलं जास्त ऐकत असाल तर प्लॅनर मॅग्नेटिक ड्रायव्हरचा (चुंबकांमध्ये सपाट पातळ पडदा असलेला) हेडफोन बघा, तो खालपर्यंत जवळपास सपाट जातो. डोक्यावर जड होतो हे मात्र खरं. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, जुनं हेवी मेटल असेल तर एवढ्या खोलीची गरज नाही.

प्रवासात किंवा ऑफिसात ऐकणार असाल तर क्लोज्डच घ्या, यावर चर्चा नको. ओपन लावून रस्त्याच्या आवाजावर मात करायला गेलात तर व्हॉल्यूम वाढतच जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबल अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. त्यात मेटलचं मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) दाबून, म्हणजे हळू-मोठ्यातला फरक कमी करून, केलेलं असतं, सरासरी पातळी शिखराला चिकटून चालते. कानाला मध्ये उसंत नाही.

मॉडेल विचारलंत तर माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे, २००३ पासून बाजारात असलेला. त्याचा ट्रेबल (वरच्या पट्टीतला आवाज) जरा मवाळ आहे, म्हणूनच तो मला आवडतो. अगदी तळाचा बास त्यात कमी आहे, ते इक्वलायझरनं थोडंफार भागतं. त्याचा थोरला भाऊ एचडी ६०० किंचित उजळ आहे. ग्रॅडोचे हेडफोन गिटारला धार देतात, थ्रॅशला मजा येते, पण तळ नाही आणि तासाभरानं कान दुखतात. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० बरेच जण सुचवतात. त्याचा ट्रेबल चढा आहे, इक्वलायझर वापरायची तयारी नसेल तर मेटलला नको. ही माझ्या कानांची मतं. कानाच्या नळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे मला जे टोक आठला टोचतं ते तुम्हाला साडेसातला टोचेल, किंवा टोचणारही नाही. वय वाढलं की वरचं कमी ऐकू येतं, हाही भाग आहे. (दाजी माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत. असो.)

सगळी खराबी हेडफोनची नसते, दहापैकी एका वेळी दाजींचं ते वाक्य खरं असतं, हे मात्र मान्य. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला तो इतका दाबलेला होता की ठोके क्लिप होऊन (आवाजाचा माथा कापला जाऊन) करकरतात. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली मिळाली आणि चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला. अशा अल्बमवर नवा हेडफोन काही करू शकत नाही. विकत घेण्यापूर्वी ऐकून बघायला जाल तेव्हा असलं काही नेऊ नका. ज्या गाण्यातला प्रत्येक ठोका तुम्हाला पाठ आहे ते न्या, आणि एक-दोन मिनिटांत निर्णय देऊ नका. टोचणारा ट्रेबल सुरुवातीला 'स्पष्ट' वाटतो, त्रास अर्ध्या तासानं कळतो.

चष्मा लावत असाल तर तो लावूनच ऐका. काडीमुळे क्लोज्ड हेडफोनची कुशन नीट बसत नाही आणि फटीतून बास निघून जातो.

राहिला ॲम्प. दाजींच्या मते ॲम्पशिवाय हेडफोन म्हणजे पाप. माझ्या मते मेटलला तो इतर संगीतापेक्षा कमी लागतो. सिम्फनीत हळू भाग इतका हळू असतो की तो ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम चढवावा लागतो, आणि मग अचानक येणाऱ्या मोठ्या भागाला व्होल्टेज शिल्लक असावं लागतं. आपल्या मेटलमध्ये हळू भाग असतोच कुठे? एचडी ६५० चा रोध ३०० ओहम, म्हणजे बराच आहे, तरी बऱ्या लॅपटॉपवर तो मला पुरेसा मोठा वाजतो. प्लॅनर घेतलात तर गणित बदलतं, त्यांना करंट जास्त लागतो, काही मॉडेलांना ॲम्प लागतोच. आधी हेडफोन घ्या, आहे त्या यंत्राला लावा. व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही कमी पडला तरच ॲम्पचा विचार करा. आणि इक्वलायझरमध्ये कुठलाही भाग वाढवलात, समजा खालचा बास पाच डेसिबलनं, तर त्यातला प्रीॲम्प (एकूण पातळीची खूण) तेवढाच खाली आणा. नाहीतर क्लिपिंग तुम्हीच तयार कराल आणि दोष बँडला द्याल.