श्रीलंकेतल्या फौजेचा सेनापती पुण्यात कसा?

पत्र : मुलगा बारावीला आहे, कला शाखेत. परदेशात पाठवलेल्या फौजांबद्दल सतत वाचत असतो. परवा जेवताना त्यानं विचारलं, "बाबा, आपले जवान श्रीलंकेत लढत होते आणि त्यांचा सेनापती पुण्यात, असं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याला म्हणे हेच शिकायचंय. असा काही कोर्स असतो का? आणि त्यावर पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार. आधी मुलाच्या प्रश्नाकडे वळतो, तुमच्या प्रश्नाची वाट तिथूनच जाते.

1987 मध्ये शांतिसेना श्रीलंकेला निघाली तेव्हा परदेशातली मोहीम चालवणारं वेगळं मुख्यालय आपल्याकडे नव्हतं. जबाबदारी पुण्याच्या सदर्न कमांडवर, म्हणजे लष्कराच्या दक्षिण विभागाच्या मुख्यालयावर, आली. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हेच मोहिमेचे कमांडर झाले आणि मद्रासला पुढचं मुख्यालय उभं राहिलं. सेनापती लांब बसतो यात तसं नवल नाही. अमेरिकेची आफ्रिका कमांड तर जर्मनीतल्या स्टुटगार्टमधून चालते. खरी अडचण दुसरीच होती : नौदल आणि हवाईदलाच्या दोऱ्या त्या-त्या दलाच्या कमांडकडेच राहिल्या. 1990 मध्ये फौज परतली तोवर अकराशेहून जास्त जवान मारले गेले होते. त्याचं सगळं खापर कमांडच्या रचनेवर फोडणं बरोबर नाही, राजकीय गोंधळही मोठा होता. पण मोहीम एक आणि मालक तीन, ही स्थिती कुठल्याही फौजेला महागात पडते.

अमेरिकेला हे 1980 मध्ये कळलं. इराणमधले ओलीस सोडवायला गेलेली, वेगवेगळ्या दलांतून जमवलेली तुकडी वाळवंटातच फसली, आठ जण मेले. त्यानंतर बरीच वादावादी होऊन 1986 मध्ये कायदा झाला. तेव्हापासून हुकूम राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून थेट त्या प्रदेशाच्या कमांडरकडे जातो. लष्करप्रमुख माणसं तयार करून देतात, लढाईचा हुकूम त्यांच्या हातून जात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत तर आणखी गंमत. आपली बटालियन तिथे उतरली की रोजचं काम फोर्स कमांडर सांगतो, मग तो कुठल्याही देशाचा असो. लष्करी भाषेत हा 'ऑपरेशनल कंट्रोल'. पण बढती, शिस्त, शिक्षा हे सगळं आपल्याच देशाकडे. जवानानं तिथे गुन्हा केला तर खटला आपल्या 1950 च्या आर्मी ॲक्टखाली चालतो. हा कायदा जवान 'असेल तिथे' लागू होतो, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे एकाच माणसाला दोन धनी. धोक्याची कामगिरी आली की काही देशांच्या तुकड्या आधी आपल्या राजधानीला फोन लावतात, आणि फोर्स कमांडर बसतो वाट बघत.

आता तुमचा प्रश्न. 'परदेशी कमांड' नावाची पदवी नाही. मुलाला हुकूम द्यायचेत, हुकुमाचे नियम लिहायचेत की या सगळ्याचा अभ्यास करायचाय, हे त्याला एकदा विचारा.

अभ्यासच करायचा असेल तर पुणे विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा विभाग आहे. विषय त्याच्या आवडीचा, पण स्पष्टच सांगतो, नुसत्या एम.ए.वर नोकऱ्या मोजक्याच : अध्यापन, संशोधन संस्था, पत्रकारिता. जोडीला एखादी परकीय भाषा पक्की हवी. फ्रेंच चांगली, आफ्रिकेतल्या कित्येक शांतिमोहिमांत ती लागते.

मला विचाराल तर कायद्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पूर्वी तिन्ही दलांच्या एकत्रित संस्थेत कुणावर शिस्तीची कारवाई करायची तर त्याला मूळ दलाकडे परत धाडावं लागे. 2023 च्या कायद्यानं ते अधिकार त्या संस्थेच्या प्रमुखाला दिले. असले प्रश्न लष्करात जॅग शाखेचे, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेचे, अधिकारी हाताळतात. त्यासाठी कायद्याच्या पदवीत किमान 55 टक्के लागतात.

आणि वर्दीच हवी असेल तर बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, किंवा पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा. (संरक्षणदल प्रमुखांनाही सीडीएसच म्हणतात, इंटरनेटवर शोधताना घोळ होतो.) निळ्या टोपीची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची, थेट भरती नसते. आधी आपल्या सैन्यात नोकरी, मग तिकडे पाठवणी.

एनडीएच्या लष्कर शाखेला कला शाखा चालते, नौदल आणि हवाईदलाला नाही. मात्र लेखी परीक्षेतल्या 900 पैकी 300 गुण गणिताचे, आणि कला शाखेच्या बहुतेक मुलांची गाडी तिथेच अडते. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. त्याची जन्मतारीख आणि दहावीतले गणिताचे गुण कळवा, म्हणजे हा रस्ता धरायचा की नाही ते सांगता येईल.