नी वर टेका, सा वर सुटा : सोनाटाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. पियानोवर मोझार्टचा सी मेजर सोनाटा (अनेक भागांची रचना; के. 545 हा तिचा सूचीतला क्रमांक) बसवते आहे. पहिल्या भागात एकही स्वर चुकत नाही, तरी टीचर म्हणतात, "भाव नाही." घरी रियाज घेताना मी काय सांगू? मी स्वतः पेटी शिकले आहे. (एक आई, कोथरूड)

"भाव आण" एवढं सांगून हातांना काहीच कळत नाही. मुलगी मान डोलावेल आणि कुठेही हळू-जोरात करेल. त्यापेक्षा तुमची पेटी काढा. सी म्हणजे सा धरून पहिले दोन बार (चार-चार मात्रांचे गट) वाजवा: लांब सा, मग ग, प, दुसऱ्या बारमध्ये लांबवलेला नी, चटकन सा-रे, आणि सा. तो नी येतो तेव्हा डावा हात सा-प-ग-प सोडून रे-प-म-प वर गेलेला असतो. सगळं सा कडे ओढत असतं. म्हणून वजन नी वर, आणि सा अलगद सोडायचा. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. नी नुसता ओलांडतात, सा वर ठोका देतात आणि त्यापुढची एक मात्रेची विश्रांतीही खाऊन टाकतात. आधी तिच्याकडून हे गाऊन घ्या. गाताना श्वास जिथे घेतला जातो, तिथेच हात उचलायचा.

तालाची सवय असेल तर एक सावधगिरी हवी: बारची पहिली मात्रा म्हणजे सम नव्हे. प्रत्येक बारच्या सुरुवातीला ठोका पडला की वाक्याचे तुकडे होतात. टीचरना "मशिनसारखं" वाटतं ते बऱ्याचदा यामुळेच.

आता डावा हात. सा-प-ग-प ला बोटं करंगळी, अंगठा, मधलं, अंगठा अशी पडतात. म्हणजे बारमधल्या आठ क्वेव्हरपैकी (अर्ध्या मात्रेच्या स्वरांपैकी) चार एकट्या अंगठ्याच्या, आणि अंगठा हे सगळ्यात जड बोट. त्यामुळे प-प-प-प असा हातोडा ऐकू येतो आणि वरची चाल त्याखाली दबते. आधी तिन्ही स्वर एकत्र धरून नुसत्या कॉर्ड वाजवायला सांगा. सूर कुठे बदलतो ते कानाला कळेल. मग सुटे स्वर, पण अंगठा पट्टीवरून उचलायचा नाही, नखाजवळच्या कडेने जेमतेम दाबायचा. रोज पाच मिनिटं फक्त डावा हात, शेजारच्या खोलीत ऐकू येणार नाही इतका हळू.

पाचव्या बारपासून स्केल्स (ओळीने चढणारे-उतरणारे स्वर) सुरू होतात, आणि त्या स्केल्ससारख्याच वाजतात, हीच तक्रार असते. पाच ते नऊ या बारचे फक्त पहिले स्वर वाजवा: ध, प, म, ग, रे. एक संथ उतरती चाल निघते! सेमीक्वेव्हरची (पाव मात्रेच्या स्वरांची) सगळी धावपळ म्हणजे तिचीच सजावट आहे. ते पाच स्वर तिला पाठ गाता आले की मग मधलं भरा. आमच्या मते या अख्ख्या भागातलं शिकवण्यासारखं सगळ्यात सुंदर ठिकाण हेच.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या पुस्तकात याच सोनाटाला क्रेशेंडो (आवाज वाढवत न्या), फोर्टे (जोरात) सगळं लिहिलंय. मैत्रिणीच्या पुस्तकात वेगळंच आहे. खरं कुठलं? (औंध)

दोन्ही संपादकांची मतं आहेत. मोझार्टने जून 1788 मध्ये आपल्या यादीत हा सोनाटा "नवशिक्यांसाठी" म्हणून नोंदवला. छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, 1805 मध्ये, आणि त्याच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. ऊरटेक्स्ट आवृत्ती (संपादकाची भर नसलेली) उघडलीस तर पानावर अशा खुणा जवळजवळ दिसणारच नाहीत. त्यामुळे निर्णय तुझा, पण त्याला कारण हवं. पेन्सिल घे आणि प्रत्येक फ्रेजला विचार: हेच वाक्य आत्ताच येऊन गेलंय का? मग दुसऱ्यांदा वेगळं वाजव. खालची कॉर्ड ओढ लावते आहे की सोडते आहे? दोन स्वरांवर एक स्लर (स्वर जोडणारी कमान) असेल तर पहिला जड, दुसरा हलका आणि किंचित आखूड. एवढ्याने निम्म्याहून जास्त खुणा तुझ्या तुलाच सापडतील.

प्रश्न : विद्यार्थी स्टेजवर दर वेळी अर्ध्यात अडकतो आणि पुन्हा पहिल्या पानावर जातो. घरी कधीच चुकत नाही. (पियानो शिक्षिका, वानवडी)

के. 545 असेल तर ठिकाण बहुधा 42 वा बार. सोनाटात सुरुवातीची चाल परतते ती साधारणपणे मूळ सुरात. इथे मोझार्ट ती एफ मेजरमध्ये आणतो. बोटांना वाटतं आपण घरी आलो, पण घर शेजारचं असतं. त्यात पुढचा स्केल्सचा टप्पा पहिल्या वेळी आठ बारचा होता, तो आता बारा बारचा झालेला असतो. बोटांच्या सवयीवर पाठ केलेलं इथे हमखास घसरतं. बार 1, 13, 29, 42, 58 ही पाच ठाणी ठरवा आणि रोज चिठ्ठी काढून कुठल्याही ठाण्यापासून सुरू करायला लावा. 42 ला सुरुवात करण्याआधी त्याने सूर मोठ्याने म्हणावा: "एफ." आणि तिथे विजयी फोर्टे नको. थोडा गाभुळलेला, उबदार आवाज हवा. खरं घरी, म्हणजे सी मेजरमध्ये, येणं 58 ला आहे.

प्रश्न : के. 545 च्या चौथ्या बारमधला ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) जुलैपासून अडखळतो. एप्रिलमध्ये नीट यायचा. (पालक, कॅम्प)

आधी पियानो तपासा, मग मुलाला बोला. त्या पट्ट्या हळू दाबून सोडा. आळसावून वर येत असतील तर पावसाळी दमटपणाने आतलं लाकूड आणि पट्टीखालचं लोकरी कापड फुगलं आहे. ट्यूनरला बोलवा, तेल अजिबात घालू नका. पट्ट्या ठीक असतील तर ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू करून चारच स्वर घ्या. तेही बसत नसतील तर क्रॉचेटची (एका मात्रेची) गती मिनिटाला 120 वरून 104 वर आणा, पण संपूर्ण भाग. ट्रिलपुरती लय ढिली केली तर पुढची स्केल घाईत पळते.

प्रश्न : पेडल किती? (डिजिटल पियानोवर वाजवणारा, पिंपरी)

पहिले दोन आठवडे पाय जमिनीवर. मोझार्टच्या पियानोला पेडल नसून गुडघ्याने उचलायची पट्टी होती, आवाजही लवकर विरायचा. नंतर वाक्य संपवणाऱ्या कॉर्डवर क्षणभर स्पर्श पुरे, स्केल्सवर नाही. तुमचं पेडल नुसतं चालू-बंद होणारं असेल तर अर्धं पेडल (अर्धवट दाबणं) त्यावर शिकता येत नाही, ते टीचरकडच्या पियानोवर करा.