इंजेक्शनला घाबरू नका ताई, पण प्लेटलेटचा उलगडा होईपर्यंत सुरूही करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ८ वर्षांचा, वर्षभरात उंची जेमतेम ३ सेंटिमीटर वाढली, तपासणीत ग्रोथ हार्मोन कमी निघालं आणि डॉक्टरांनी रोज रात्रीचं इंजेक्शन सांगितलं. नणंदबाई म्हणतात, त्या इंजेक्शनाने ब्लड कॅन्सर होतो. जिंतूरला विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून इथे विचारलंत, बरं केलंत.

मी उदगीरचा. माझ्या लेकीला ५व्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला. किमोबरोबर डोक्याला रेडिएशन द्यावं लागलं. त्या किरणांनी मेंदूतली, ग्रोथ हार्मोन सोडणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीला हुकूम देणारी जागा दुखावते आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी ग्रोथ हार्मोनच कमी पडतं. तिची उंची थांबली तेव्हा हेच इंजेक्शन आम्हीही घेतलं, चार वर्षं. म्हणजे ज्या आजाराची तुम्हाला भीती वाटते त्यातून बाहेर आलेल्या लेकराला मी रोज रात्री स्वतःच्या हाताने ही सुई टोचली आहे. पहिले सहा महिने झोप नव्हती, म्हणून मिळेल ते वाचत गेलो, भेटेल त्या डॉक्टरला विचारत गेलो.

नणंदबाईंचं म्हणणं हवेतलं नाही. १९८८ च्या सुमारास जपानमधून बातमी आली की ग्रोथ हार्मोन घेतलेल्या काही मुलांना ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, झाला. जगभर धसका बसला. शंकाही रास्त होती, कारण हे हार्मोन यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं द्रव्य तयार करून घेतं आणि ते पेशींना वाढायला सांगतं. इक्वाडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोमची माणसं आहेत. त्यांच्या शरीरावर ग्रोथ हार्मोनचा परिणामच होत नाही, उंची फार कमी राहते, आणि त्यांच्यात कॅन्सर जवळपास सापडत नाही. पण जपानमधल्या त्या मुलांचे कागद नीट उघडल्यावर दिसलं, की त्यांतल्या काहींना आधीच कॅन्सर होऊन रेडिएशन किंवा किमो मिळालेली होती, तर काहींना फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखा (रक्त तयार होणं बिघडवणारा जन्मजात) आजार होता, ज्यात ल्युकेमियाचा धोका तसाही जास्त असतो. १९९९ मध्ये जपानमध्येच पुन्हा मोजणी झाली. असं कुठलंही कारण नसलेल्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त निघालं नाही. माझ्या लेकीसारख्या मुलांतही इंजेक्शनामुळे मूळ आजार उलटल्याचं दिसलेलं नाही. दुसऱ्या गाठींचा, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, थोडा जादा धोका सांगतात, म्हणून आमची तपासणी आजही चालू आहे.

इथपर्यंत लिहून 'बिनधास्त सुरू करा' म्हणणार होतो. पण तुमच्या दोन ओळींवर अडखळलो. एक, 'प्लेटलेट मार्चमध्ये १ लाख ५ हजार आणि दिवाळीनंतर ९२ हजार होत्या, व्हायरलमुळे असतील म्हणाले.' दुसरी, 'आमचं लग्न नात्यातलं, मी मामाच्या घरी दिलेली.'

व्हायरल तापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात, हे खरं. पण ताप गेला की दोन-तीन आठवड्यांत त्या परत दीड लाखाच्या वर यायला हव्यात. तुमच्याकडे ताप नसतानाचा एकही रिपोर्ट दिसत नाही. आधी तो करा. त्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. तो वयाच्या मानाने मोठा आहे का, हे मुद्दाम विचारा.

का सांगतो? फॅन्कोनीत उंची कमी राहते आणि साधारण शाळकरी वयात रक्तातल्या पेशी उतरायला लागतात. पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. आणि फॅन्कोनीच्या मुलांतही ग्रोथ हार्मोन कमी सापडू शकतं. म्हणून 'हार्मोन कमी निघालं, कारण मिळालं' असं धरून चालत नाही. अंगठा लहान किंवा वाकडा, अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग, किडनीची ठेवण वेगळी, अशा खुणा असतात. काही लेकरांत मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. हा दोष बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नात जास्त दिसतो. आपल्याकडे मामाच्या घरी मुलगी देणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, यात तुमची काहीच चूक नाही. घरात कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या मुलाला हे आहेच असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलही. पण इंजेक्शन लिहिणाऱ्या डॉक्टरांना प्लेटलेटचे दोन्ही कागद दाखवा, नात्यातलं लग्न आपणहून सांगा आणि हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी मागा. फॅन्कोनी आहे का ते बघायला क्रोमोसोम ब्रेकेज नावाची तपासणी असते, हातातून रक्त घेऊन होते. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे फॅन्कोनीवर बरंच काम झालंय. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने दादरला उतरलात की जवळच. महिना-दीड महिना गेला तरी उंचीचं नुकसान होत नाही. आणि खरोखर तसं निघालंच, तर इंजेक्शनाचा निर्णय हिमॅटॉलॉजिस्टशिवाय कुणी घेऊ नये. मग तुमच्या धाकट्या मुलीचंही रक्त तपासावं लागेल.

सगळं स्वच्छ निघालं तर निश्चिंत मनाने सुरू करा. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात आमच्याकडे लाईट गेली की मी इंजेक्शनचं पेन थर्मासात ठेवायचो, बर्फाच्या पिशवीभोवती फडकं गुंडाळून. बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की फेकावंच लागतं. लेकरू लंगडायला लागलं, किंवा डोकं सतत दुखून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दर काही महिन्यांनी आयजीएफ-१ तपासतात, ते चुकवू नका. आणि वर्षाकाठी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मी तरी केलाच असता.

ताप नसतानाचा रिपोर्ट आला की प्लेटलेट आणि एमसीव्हीचे आकडे इथे लिहा. मी रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.