वाचकांचे प्रश्न : शेंडेफळाचा वाह्यातपणा

प्रश्न : माझी धाकटी मुलगी तिसरीत आहे. ‘चिबी मारुको-चान’ ही जपानी मालिका ती आवडीने पाहते. त्यातली मारुको गृहपाठ शेवटच्या दिवसापर्यंत लांबवते, थापा मारते आणि मोठ्या बहिणीशी सतत भांडते. आमची धाकटीही हल्ली ताईच्या कंपासपेटीवर हक्क सांगू लागली आहे. मालिका बंद करावी का?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. कंपासपेटीवरून होणारी भांडणे दूरचित्रवाणी येण्याआधीपासून घरोघरी चालत आली आहेत, त्यामुळे त्यांचे श्रेय मारुकोला देणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. १९६५ साली जन्मलेल्या मोमोको साकुरा यांनी शिमिझू या बंदराच्या गावातले स्वतःचे बालपण आठवून ही मुलगी रेखाटली. १९८६ पासून ती ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकातील चित्रकथेत दिसू लागली आणि जानेवारी १९९० मध्ये तिची मालिका सुरू झाली. म्हणजे इथे एक मोठी झालेली बाई, आपण नऊ वर्षांच्या असताना किती आळशी आणि साळसूद होतो, हे काहीही न लपवता सांगते आहे.

चित्रकथेची सुरुवातच पाहा. पहिल्या सत्राचा शेवटचा दिवस आहे. शहाण्या मुलांनी आपले सामान थोडे थोडे करून आधीच घरी नेले आहे. मारुकोने मात्र सगळे त्याच दिवसासाठी ठेवले असल्यामुळे पाठीवर दप्तर आणि दोन्ही हातांत न मावणारे ओझे घेऊन ती रडकुंडीला येत घराकडे निघते. चालढकल वाईट, असे तिला कोणी ऐकवण्याची गरज उरत नाही, कारण ते काम ओझ्यानेच केलेले असते. खोडी अंगलट येते आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहून हसतो. जिथे खोडकर मूल दर वेळी जिंकते आणि मोठी माणसे मूर्ख ठरतात, अशा मालिकांबाबत मी आपल्याइतकीच सावध राहीन.

माझी खरी काळजी आपल्या थोरलीविषयी आहे. मालिकेतली ताई साकिको सहावीत आहे, समंजस आहे आणि धाकटीमुळे तिच्या नाकी नऊ येतात. एखादा भाग दोघींबरोबर बसून पाहावा आणि यात कोणाचे चुकले, हे आधी थोरलीला विचारावे. ‘तू मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य निदान त्या दिवशी टाळावे. धाकटीला वेगळी कंपासपेटी आणून द्यावी, हे ओघाने आलेच.

प्रश्न : मारुकोचे प्रत्येक खोटे खरे मानणारे आजोबा लेखिकेला खरोखर लाभले होते का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही. आपले आजोबा तसे नव्हते, हे साकुरा यांनी पुढे एका लेखात मोकळेपणाने लिहिले आहे. मालिकेतले प्रेमळ तोमोझो हे त्यांच्या कल्पनेतले आजोबा. विनोदाच्या दृष्टीनेही ते हवेतच, कारण घरात एक तरी भाबडा माणूस असल्याशिवाय द्वाड मुलीचा डाव रंगत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात शाळेवरचे विनोदी नाटुकले बसवत आहोत. त्यातली खोडकर धाकटी बहीण आगाऊ वाटू नये, यासाठी काय करावे?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तिच्या तोंडी मोठ्यांचे टोमणे घालू नयेत. आपल्याकडच्या हौशी बालनाट्यांत आठ वर्षांची मुलगी राजकारणावर कोटी करते, मंडपात हशा पिकतो, पण ती मुलगी मात्र कोणालाच दिसत नाही. तिला मुलांचेच तर्कशास्त्र द्यावे. सुट्टीचे वीस दिवस आणि चाळीस पाने शुद्धलेखन, म्हणजे रोज दोन पाने; दहा दिवस खेळण्यात गेल्यावर रोज चार; आणि शेवटच्या दिवशी सरळ चाळीस. दर वेळी हिशेब बरोबर जमल्याच्या आनंदात ती पुन्हा खेळायला पळते. मोठ्यांची तिरकस दृष्टी हवीच असेल, तर ती सूत्रधाराकडे सोपवावी. मारुकोच्या मालिकेतही निवेदकाचा कोरडा आवाज तेच काम करतो.

भूमिका वाटताना एक पथ्य पाळावे. धाकटीसाठी चुणचुणीत मुलगी सहज मिळते आणि ताईची भूमिका उरलेल्या कोणाला तरी दिली जाते. तसे न करता सर्वांत चांगली अभिनेत्री ताईसाठी ठेवावी, कारण खोडी धाकटी काढत असली तरी लोक हसतात ते ताईचा चेहरा पाहून. शिवाय मंडपातल्या माइकवर लहान मुलांचे निम्मे शब्द हवेत विरतात, तेव्हा डबा पळवणे, वही लपवणे अशा खोड्या संवादांत न सांगता रंगमंचावर करूनच दाखवाव्यात.