तरुणांचा अभ्यास म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : ताई, मी समाजशास्त्रात एमए करतेय, यावर्षी 'युवक आणि युवा संस्कृती' हा पेपर घेतलाय. घरी सगळे म्हणतात पोरं काय घालतात नि काय ऐकतात हे बघायला डिग्री कशाला लागते, आणि खरं सांगू तर हल्ली मलाही मधूनच तसं वाटायला लागलंय. डिझर्टेशन माझ्याच मित्रमैत्रिणींच्या ऑनलाइन गेमिंग ग्रुपवर करायचं मनात आहे, पण गाइड म्हणतात आधी 'या सगळ्यात तू कुठे आहेस' ते ठरव. म्हणजे नेमकं काय करू?

उत्तर : आधी घरच्यांचं बघू. पोरं काय घालतात याच्यावरून केवढं रामायण होतं याचं एक उदाहरण तुला देते, घरी सांगून बघ. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावात मॉड्स आणि रॉकर्स अशा पोरांच्या दोन गटांत बाचाबाची झाली. मॉड्स म्हणजे नीटनेटके सूट आणि स्कूटर, रॉकर्स म्हणजे लेदर जॅकेट आणि मोटरसायकल. थोडी हाणामारी, काही काचा फुटल्या, एवढंच, पण दुसऱ्या दिवशीचे पेपर असे की जणू गाव लुटलं गेलं. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञानं हे सगळं नीट तपासलं आणि १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की बातम्या फुगल्या, त्या वाचून पोलिस आणि कोर्टं कडक झाली, मग पुढच्या सुट्ट्यांना 'काहीतरी होणारे' म्हणून सगळेच तयारीत, आणि पेपरांनी जे चित्र रंगवलं होतं त्यात पोरंही हळूहळू बसत गेली. 'मॉरल पॅनिक', म्हणजे एखाद्या गटामुळे समाज बिघडतोय अशी फुगवलेली घबराट, हा शब्द आज जो सगळीकडे वापरतात तो मुख्यतः त्याच्यामुळे. आता मोबाइलनं, गेमनं पिढी बिघडली असं कुणी म्हटलं की मी पहिलं विचारते, हे कोण म्हणतंय आणि कुणाला बघून. हे विचारायची सवय लागते ना, त्यासाठी हा पेपर.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. पॉल विलिस नावाच्या संशोधकानं इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात कामगारांच्या घरातली बारा पोरं घेतली, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत आणि नंतर कामावर लागल्यावर पहिले काही महिने तो त्यांच्याबरोबर होता. ही पोरं शाळेला अजिबात जुमानायची नाहीत, मास्तरांची टर उडवायची, अभ्यासू पोरांना बायल्या समजायची. त्यांना शाळेचं सगळं आरपार दिसत होतं, की चार सर्टिफिकिटं मिळवून आपल्यातले सगळेच काही साहेब होणार नाहीत. आणि तरी, किंवा त्यामुळेच, ती गेली कुठे तर बापासारखीच अंगमेहनतीच्या कामाला, तेही आपल्या मर्जीनं, ऐटीत. विलिसचं हे पुस्तक १९७७ चं. त्यांना नुसतं 'वाया गेलेली' म्हणून सोडलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं, आणि नुसतं 'बंडखोर' म्हणून डोक्यावर घेतलं असतं तरी नसतं.

विलिस बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या त्या प्रसिद्ध सेंटरमधला, म्हणजे समकालीन संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या 'सेंटर फॉर कंटेम्पररी कल्चरल स्टडीज'मधला, जे १९६४ मध्ये सुरू झालं आणि पुढे संस्कृतीचे नामवंत अभ्यासक स्टुअर्ट हॉल ज्याचे डायरेक्टर होते. पण या सगळ्या कामात मुली कुठेत? हाच प्रश्न तिथल्याच अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी तेव्हा विचारला. त्यांचं म्हणणं, संशोधक रस्त्यावर उभे राहून बघतात, मुलींना रात्री बाहेर राहायची मुभाच कमी, त्यांची संस्कृती चालते घरात, मैत्रिणीच्या खोलीत, पोस्टरं आणि रेकॉर्डमध्ये. म्हणजे मुली नव्हत्या असं नाही, बघणाऱ्याचीच जागा चुकली होती.

तुझ्या गाइडचा प्रश्न हाच आहे गं. तुझ्या ग्रुपमध्ये जे सगळ्यात जास्त बोलतात तेच तुझ्या डिझर्टेशनमध्येही सगळ्यात जास्त बोलणार, तू ठरवलं नाहीस तरी. मग जो रोज लॉगिन करतो पण माइक कधीच ऑन करत नाही त्याच्याशी वेगळं बोल. एखादी मुलगी मुलाच्या नावानं खेळते का, का खेळते, ते विचार. कोण मधेच ग्रुप सोडून गेलं तेही शोध, गेलेल्यांकडून फार कळतं. आणि तू स्वतः कुणाच्या बाजूची आहेस, कुणाशी पटत नाही, ते पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेव, कुणाला दाखवू नकोस हवं तर.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. मी विद्यार्थी असताना एका मैत्रिणीनं रात्री मन मोकळं करून सांगितलेलं मी नाव बदलून रिपोर्टात घातलं, मला वाटलं नाव नाही म्हणजे झालं, पण ग्रुपमधल्या सगळ्यांनी दोन ओळींत ओळखलं. ती माझ्याशी परत कधी नीट बोलली नाही. ओळखीच्या लोकांत नाव बदलून काहीही लपत नाही. म्हणून प्रत्येकाला आधी सांग की मी यावर लिहितेय, जुने चॅट आणि स्क्रीनशॉट त्यांना न विचारता वापरू नकोस, कुणी अठराच्या खालचं असेल तर पालकांची परवानगी लागेल, आणि सबमिट करायच्या आधी ज्याच्याबद्दल लिहिलंयस त्याला ते पान वाचायला दे. कोणी नको म्हणालं तर काढून टाक, कितीही भारी मटेरियल असलं तरी.

प्रश्न : 'युवक' म्हणजे नक्की कोणत्या वयाचे? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

उत्तर : दिसणारच. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ धरतात, आफ्रिकन युनियनची २००६ ची युवा सनद १५ ते ३५ धरते. शिक्षण लांबलं, नोकरी उशिरा लागली, लग्न पुढे गेलं की तरुणपणही लांबतं, आणि ज्याला पंधराव्या वर्षी घर चालवावं लागतं त्याचं ते सुरू व्हायच्या आधीच संपतं. तुमच्या कामाला जो आकडा लागतो तो घ्या, का घेतला ते दोन वाक्यांत लिहा, आणि इंटरव्यू घेताना समोरच्याला एकदा विचारा की तुला स्वतःला तू तरुण वाटतोस का.