‘रोटोतच अडकले’ म्हणणाऱ्यांसाठी

“तीन वर्षं रोटोच करतेय. सोबतचे कॉम्पमध्ये गेले. मला हे जमतच नाही बहुतेक.” व्हीएफएक्समधल्या (चित्रपटांतल्या दृश्य-करामतींच्या कामातल्या) मुलामुलींकडून हे सतत ऐकू येतं. रोटो म्हणजे शॉटमधल्या माणसाची किंवा वस्तूची कड फ्रेमागणिक आखून ती वेगळी काढणं; कॉम्प म्हणजे असे वेगवेगळे भाग जोडून अंतिम दृश्य तयार करणं. पुढची तरुणी अशा अनेकांची मिळून झाली आहे.

माझ्यासोबतची तिची पहिली सत्रं ‘माझ्यात गुणच नाही’ याभोवती फिरली. मी अशा वाक्याशी वाद घालत नाही, पुरावा मागते.

“परत आलेल्या शॉटवरचे शेरे घेऊन ये, जसेच्या तसे.”

5 सेकंदांचा शॉट होता. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 120 फ्रेम; मोजणी 1001 पासून, 1120 पर्यंत. शेरे असे: ‘1043 ते 1051, डाव्या बाहीची कड थरथरतेय.’ ‘1060 नंतर हात वळताना कड आत जातेय.’ ‘बोटांना मोशन ब्लर कमी’ (म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणा).

“यात ‘तुला जमत नाही’ कुठंय?”

“लिहिलं नाहीये मॅडम, पण अर्थ तोच ना?”

“कड कशानं थरथरते?”

“दर फ्रेमला कडेवरचे पॉइंट हलवले की.”

“मग तू ते का हलवतेस?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “चुकेल म्हणून.”

गाठ इथं सुटली. भीतीपोटी दर फ्रेमला की (त्या फ्रेमवर कडेची जागा पक्की करणारी खूण) लागते, पॉइंट अर्धा-एक पिक्सेल इकडेतिकडे होतात, कड थरथरते, शॉट परत येतो, भीती वाढते. शेऱ्यांत दिसणारा दोष हा गुण नसल्याचा नव्हता, धास्तीचा होता. अशा वेळी ‘आत्मविश्वास ठेव’ सांगून काही होत नाही (त्या भाषणांचा फायदा देणाऱ्यालाच होतो). कामाची सवय बदलावी लागते.

तिनं ती बदलली. अख्ख्या माणसाला एकच शेप (आखलेली बाह्याकृती) नाही: डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, तळवा, प्रत्येक बोट वेगळं, सांध्यांवर एकमेकांत शिरलेलं. पॉइंट मोजकेच. आधी शेपला ट्रॅकची (शॉटमधून मोजून घेतलेली) हालचाल द्यायची. मग हालचालीची दिशा जिथं बदलते त्या फ्रेमवर की, नंतर दोन कींच्या बरोबर मधली फ्रेम बघायची, चुकली असेल तरच तिथं की. सुटे पॉइंट सर्वांत शेवटी. तपासताना सपाट रंगावर पूर्ण वेगानं चालवून बघायचं. थांबवलेल्या फ्रेममध्ये थरथर दिसत नाही.

शॉट परत येणं थांबलं नाही. ते कुणाचंच थांबत नाही.

कॉम्पमध्ये जायचं तर नुसत्या रोटोची रील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) पुरत नाही. स्वतः दोन शॉट करावेत: एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून हिरव्या पडद्यासमोर चित्रण, मागे दुसरं दृश्य. मग गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) वर-खाली करून पाहायचं: काळे भाग जुळतात का, केसांच्या कडेला हिरवट झाक उरली का, ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) दोन्हीकडे सारखा आहे का. रील मिनिटभराची, सर्वांत चांगला शॉट पहिला, आपण नेमकं काय केलं ते प्रत्येक शॉटवर लिहिलेलं. प्रदर्शित न झालेल्या कामातला शॉट परवानगीशिवाय घालू नये.

“पण रोटोचे मास्क आता मशीनच काढतं, मग?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. स्वच्छ कडा ते छान काढतं; केस, ब्लर झालेली बोटं, एकमेकांपुढून जाणारी माणसं इथं फ्रेमागणिक डळमळतं. ते दुरुस्त करायला थरथर ओळखणारी नजरच लागते. तरीही फक्त रोटोच्या भरवशावर राहू नये, हे मी स्पष्ट सांगते.

तिनं लीडकडे (टीमच्या प्रमुखाकडे) मागितलेलं पहिलं कॉम्प साधंच होतं: मॉनिटरवरचं चित्र बदलणं. चार कोपरे ट्रॅक करायचे, काचेवरचं मूळ प्रतिबिंब परत आणायचं, आणि पुढून जाणाऱ्या बोटांचा रोटो. तो तिला येतच होता.