तंबू ठोकण्याआधी तिथी बघ

अंधेरी, मुंबई

सप्रेम आशीर्वाद.

कोकणातल्या वेळासला कासवं बघायला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तंबू कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ असं विचारलंस. दोन्ही कुणाकडून तरी मागून घे. त्याआधी पंधरा दिवस रोज वर्सोव्याच्या वाळूत जा आणि पाणी कुठवर चढतं ते बघ. 2018 मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली होती.

आपल्याकडे तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा आणि रात्रीही. पुढे सहा तासांनी ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं.

तुझ्या वयात मला हे ठाऊक नव्हतं. कोकणात पुनवेच्या रात्री कोरडी वाळू बघून आम्ही तंबू ठोकला. बाराच्या सुमारास अंथरुणाखाली पाणी शिरलं. सामान ओढताना टॉर्च लावून सगळा किनारा तुडवला. सकाळी मादी कासवाचा माग दिसला, अर्ध्यातूनच समुद्राकडे वळलेला. अंडी न घालता ती परत गेली होती. आमच्या उजेडानेच वळली असणार. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून वाळूत मुक्काम नकोच. गावात विचारून सुरूच्या बनामागे राहा, माडाखाली मात्र नको. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, तंबूचं दार त्याच्याकडे ठेवू नकोस. पुळणीत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भर, तिला दोरी बांध आणि ती हातभर खोल पूर.

रात्री टॉर्च बंद. मादी अंधारातच वर येते, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. मागे दिवा दिसला तर समुद्र सोडून तिकडे वळतात. माग किंवा घरटं दिसलं तर हात न लावता कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याला, बोलाव. वेळासच्या लोकांनी 2002 पासून, सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साथीने, ही घरटी राखली आहेत. त्यांचा शब्द तिथे शेवटचा.

चिखल्या म्हणजे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, त्यांच्या बाबतीतही घाई नको. भरतीत त्यांची खाण्याची जागा बुडते, मग ते वाऱ्याकडे तोंड करून कोरड्या वाळूत बसतात. फोटोसाठी त्यांना उठवू नकोस. उन्हाळा लागताच त्यांना उत्तरेला फार लांब उडायचं असतं, अंगातली चरबी तेवढ्यासाठीच जपायची असते. ओहोटी लागली की एका जागी बसून राहा. किडे टिपत टिपत ते आपणहून जवळ येतात.

येत्या रविवारी पंचमी आहे. भरती किती वाजता ते तूच काढ, आणि अर्धा तास आधी वर्सोव्याला ये. मी तिथे असेन.